ताईला सांगायचे सिनेमे

रविवार, ४

ताईच्या हुकमावरून ही वही सुरू करतोय. तिचं म्हणणं, मी रविवारी सिनेमा बघतो आणि सोमवारी तिला सांगेपर्यंत निम्मा विसरतो, नि उरलेला निम्मा मनाने घालतो. "मागच्या खेपेला त्या शास्त्रज्ञाला तू आधी बायको दिलीस आणि शेवटी तो ब्रह्मचारी निघाला," असं ऐकवलंन मला. तेव्हा बघून आल्या आल्या लिहायचं. वर माझं मतही लिहायचं, कारण सिनेमापेक्षा माझं मत जास्त करमणुकीचं असतं म्हणे. हा मान की अपमान, देव जाणे.

नियमही तिचेच. रडारड नको, आजारपण नको, लग्न तर नकोच नको. अंतराळ चालेल, यंत्रमानव चालतील, खून हवेतच. म्हणून मी, वजनकाटे दुरुस्त करणारा साधा माणूस, गेली तीन वर्षं एकतर विज्ञानाचे नाहीतर रहस्याचे सिनेमे बघतोय. बायको म्हणते, एखादा हसायचा बघा की. पण मग ताईला सोमवारी काय सांगू?

आजचा सिनेमा असा: यानात चौघं, प्राणवायू तिघांपुरता. कप्तान ओरडतो, डॉक्टर रडतो, एक पोरगी सगळीकडे धावते. चौथा म्हातारा मेकॅनिक. तो नुसता खिडकीपाशी बसून खाली पृथ्वीकडे बघतो. हे पात्र कशाला घातलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. काही करायचंच नसेल तर यानात जागा कशाला अडवायची?

मत: भिंतीवरचा हवेचा काटा शुद्ध थाप आहे. कप्तान म्हणतो वीस टक्के हवा उरली, तेव्हा काटा जिथे होता तिथेच तो पाऊण तासाने होता, आणि तेव्हा हवा म्हणे पाच टक्के! एवढं थोरलं यान उभं केलं आणि काटा चिकटवलेला. शेवटी ती पोरगी दोन तारा जोडते आणि भसाभस हवा येते. माझ्या उभ्या आयुष्यात दोन तारा जोडून काही दुरुस्त झालेलं मी पाहिलं नाही. फार तर ठिणगी उडते.

सोमवार, ५

गोष्ट सांगून झाली. चार तास पुरवली. पुरवावीच लागते.

वही आहे तर एकदाच लिहून ठेवतो. ताईच्या दोन्ही किडन्या सहा वर्षांपूर्वी बसल्या. मग मी माझी एक दिली. ती तिच्या पोटात तीन वर्षं चालली आणि एक दिवस बंद पडली. का, ते डॉक्टरांना सांगता आलं नाही. माझ्या दुकानातून गेलेला काटा तीन वर्षांत बंद पडला तर मी तोंड दाखवणार नाही कुणाला. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी आठ ते बारा ताईला डायलिसिस. आठ खुर्च्या, निळं रेक्झिन, प्रत्येकीशेजारी एक यंत्र. दोन नळ्या दंडात. रक्त एकीतून जातं, धुऊन दुसरीतून येतं. ताई उताणी पडून असते आणि मी स्टुलावर बसून तोंडाचा पट्टा चालवतो. शेजारच्या खुर्चीवर भूगोलाचे निवृत्त मास्तर असतात. तेही ऐकतात, आणि मध्येच "अंतराळात आवाज येत नाही हो" म्हणून खोडा घालतात.

यंत्र लावण्याआधी वजन करतात. किडन्या बसलेल्यांच्या अंगातलं पाणी बाहेर पडत नाही. प्यायलेलं सगळं आत साठतं, ते वजनात दिसतं. शुक्रवार ते सोमवार दोन किलो वाढलं तर ठीक. आज ताईचं भरलं तीन किलो शंभर जास्त.

नर्सबाईने कमरेवर हात ठेवले. "काकू, पाणी किती प्यायलात?"

"दिवसाचे मोजून तीन पेले," ताई म्हणाली.

ताई खोटं बोलत नाही. लहानपणी माझ्या खोड्यासुद्धा तिने घरी जशाच्या तशा सांगितल्या आहेत आणि मी त्याबद्दल मार खाल्लाय. म्हणजे त्यांचा काटा खोटं बोलतोय. बघितला मी. भिंतीला लागून ठेवलाय आणि येणाऱ्या जाणाऱ्या खाटेचं चाक त्याला रोज धडकतं. असा काटा खरं बोलेलच कसा?

बुधवार, ७

पिशवीतून वीस-वीस किलोची दोन प्रमाणित वजनं घेऊन गेलो. नर्सबाई म्हणाली, "हे काय, बाजार भरवायचाय का इथे?" परवानगी मिळाली नाही. वरच्यांना विचारते म्हणाली. ताई खुर्चीत पडल्या पडल्या इतकी हसली की यंत्र ओरडायला लागलं.

मधेच डॉक्टरीणबाई आल्या. ताईशी दहा मिनिटं बोलायचंय, तुम्ही बाहेर थांबाल का, असं विचारलं. मी बाहेर गेलो. दहाची पंचवीस झाली. परत आलो तर नर्सबाई नाक पुसत होती. या थंड हवेच्या खोलीत बसून सगळ्यांना सर्दी होणार नाही तर काय.

ताईने पुन्हा त्या म्हाताऱ्या मेकॅनिकचं विचारलं. तिसऱ्यांदा! "तो बसला होता तेव्हा त्याचा चेहरा कसा होता रे?"

"कसा म्हणजे? बसलेल्या माणसाचा असतो तसा."

"घाबरलेला होता?"

मी आठवून बघितलं. "नाही. गाडीच्या खिडकीतून बघावं तसा बघत होता."

"हं," म्हणाली आणि डोळे मिटले. मास्तरांनी आज खोडासुद्धा घातला नाही. वाद घातला असता तर बरं वाटलं असतं.

रविवार, ११

आज रहस्यपट. एका घरात पाच भावंडं, बापाच्या इस्टेटीवरून एकेक मरतंय. तपासाला आलेली पोलीस बाई म्हणे फार हुशार. डोंबल हुशार! घरचा डॉक्टर प्रत्येक वेळी खुनाच्या आधी मरणाऱ्याच्या खोलीतून बाहेर येताना दाखवलाय, त्याच्या बुटांना चिखल आहे, तो कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नाही, आणि ही बाई माळ्याला धरून बसलीय. मी इंटरव्हलच्या आधीच शेजारच्या अनोळखी माणसाला सांगून टाकलं, डॉक्टर. शेवटी तोच निघाला. तो माणूस उठताना माझ्याकडे फार वाईट नजरेने बघून गेला.

मत: लोक समोरचं बघत नाहीत. खुणा सगळ्या उघड्यावर पडलेल्या असतात.

हे घरी बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "तुम्हाला सिनेमातलं सगळं कळतं." आणि घड्या तशाच टाकून आत गेली. हिला काय झालं, कोण जाणे.

ताईकडेही डोकावून आलो. पडदे शिवायचं तिचं मशीन झाकून ठेवलंय. हातातली सगळी कामं पुरी करून लोकांकडे पोचवली, नवीन घेत नाही म्हणाली. मी म्हटलं, उत्तम! मी किती दिवस सांगतोय, जरा आराम कर म्हणून. शेवटी ऐकलंन माझं.

सोमवार, १२

परवानगी मिळाली. काटा तपासला.

बरोबर आहे. चाळीस किलोला चाळीस दाखवतो. चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवून बघितली, उलटसुलट बघितली. तीस ग्रॅमचासुद्धा फरक नाही. मी दुरुस्त करून दिला असता तरी याहून चांगला झाला नसता.

आणि त्याच काट्यावर ताई भरली तीन किलो आठशे जास्त.

खरं लिहायचं ठरलंय तर लिहितो. नर्सबाई वही आणायला वळली तेव्हा मी काट्याचं मागचं झाकण उघडून बसलो होतो. एक किलोने कमी दाखवायला लावणं म्हणजे माझं दोन मिनिटांचं काम. बोट बटणावर होतं. कुणी ताईला बोललं नसतं, ताईला मान खाली घालावी लागली नसती. मग समोर मास्तर दिसले, काट्यावर चढायला काठी टेकत येत होते. त्यांचंही वजन याच काट्यावर. मी झाकण लावलं. तीस वर्षांत असा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता.

घरच्या डॉक्टरने खून केल्याची गोष्ट सांगितली. ताईला धाप लागत होती, म्हणून अर्ध्यावर थांबवली.

गुरुवार, १५

काल खुर्चीत ताईला झोप लागली, गोष्ट राहिली ती राहिलीच. आज दुकानात बसून विचार केला आणि उलगडा झाला. काटा बरोबर, ताई खरी, मग उरलं काय? ताई अंग धरतेय! तीन वर्षं नुसती हाडं होती. आता चेहरा भरलाय, पाय भरलेत. चपलेचा पट्टा रुततो तिला, परवा अनवाणी चालत होती. मला आधीच कळायला हवं होतं.

येताना एक नंबर मोठ्या, मऊ चपला घेतल्या. बायकोला दाखवल्या. तिने चपला पुसून परत पिशवीत ठेवल्या. मग म्हणाली, "अहो, एकदा वन्संशी नीट बोला." मी म्हटलं, आठवड्यातून बारा तास बोलतो, अजून किती बोलू?

शुक्रवार, १६

कुठून सुरुवात करू.

सकाळी रस्ता मोकळा मिळाला म्हणून पाऊण तास आधी पोचलो. दार नुसतं लोटलेलं होतं. ताई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. बाजूला काचेचा जग, हातात मोठा पेला. डोळे मिटून पाणी पीत होती, सावकाश. मी दारात चपलांची पिशवी घेऊन उभा. तिने पेला संपवला, डोळे उघडले आणि मी दिसलो. दचकलीसुद्धा नाही.

"आलास? बस."

मी जग उचलला आणि मोरीत ओतला. निम्मं पाणी माझ्याच अंगावर सांडलं.

"किती दिवस चाललंय हे?"

"तीन महिने होतील."

"तीन पेले म्हणालीस! मोजून तीन!"

"खोटं बोलले." मग जराशी हसली. "तू ती वजनं घेऊन आलास ना, तेव्हा मला इतकं हसू आलं आणि इतकी लाज वाटली. माझ्या खोटेपणापायी तू बिचाऱ्या काट्याला आरोपी केलंस."

मी ओरडलो. काय काय बोललो ते सगळं लिहवत नाही. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "पहिल्यांदा चोरून एक घोट घेतला होता. मग एकदा अर्धा पेला. म्हटलं, आता भीती वाटेल. वाट बघत बसले, तर वाटलीच नाही. तेव्हा कळलं मला."

"काय कळलं?"

"की माझं झालंय रे. मी दमलेय. त्या खुर्चीत मला नाही जायचं आता. डॉक्टरीणबाईंशी बोललेय मी, चार वेळा बोलले. त्यांनी खूप समजावलं, मनाच्या डॉक्टरांकडेही पाठवलं. यंत्र सोडलं तर दोनेक आठवडे, थोडं इकडे तिकडे. धाप लागली तर औषध देतील. त्रास होऊ देणार नाही म्हणाल्यात."

मी म्हटलं, मी दुसरी देतो.

"म्हणूनच तुला सांगत नव्हते. दुसरी दिलीस तर तू कशावर जगशील, काटेराव?"

आणि मग मी ते बोललो. म्हटलं, "माझी एक घेतलीस ती वाया घालवायला?"

ताईचा चेहरा पडला. मी कुठे तोंड लपवू असं झालं मला. पण तिने माझा हात धरून शेजारी बसवलं. "तीन वर्षं मला हवं तेव्हा, हवं तेवढं पाणी प्यायले मी. उन्हातून आल्यावर गटागटा प्यायले. ते तुझ्या जिवावर. ती वाया नाही गेली."

मग उठली, नव्या चपला घातल्या, बरोबर झाल्या. "आजच्या दिवस येते. तुझा डॉक्टर पकडला जातो ते ऐकायचं राहिलंय."

मी सांगितलं. कसं सांगितलं ठाऊक नाही. मास्तरांनी एकदाही अडवलं नाही.

शनिवार, १७

सगळ्यांना माहीत होतं. बायकोला तीन आठवड्यांपासून. भाचीला त्याच्याही आधीपासून. ती दूरगावी नोकरी करते, फोनवर म्हणाली, "मामा, मी आईशी दोन महिने भांडतेय. आता नाही भांडत. सुट्टी घेतलीय, उद्या पोचते." नर्सबाईला माहीत, मास्तरांना माहीत. मी एकटाच आपला इंटरव्हलच्या आधी खुनी ओळखणारा.

बायकोवर चिडलो. ती म्हणाली, "वन्संनी शपथ घातली होती. तुम्हाला त्या स्वतः सांगणार होत्या. पण तुम्ही सिनेमा घेऊन यायचात, मग त्यांना सांगवेना."

दुपारी डॉक्टरीणबाईंना भेटलो. हात जोडले. म्हटलं, तुम्ही नाही म्हणून सांगा तिला, तुमचं ऐकेल. त्यांनी मला पाणी दिलं आणि मनसोक्त रागावू दिलं. म्हणाल्या, शरीर तिचं आहे, डोकं तिचं शाबूत आहे, मी तिला जबरदस्तीने खुर्चीत बांधू शकत नाही. दार उघडं आहे, मन बदललं तर कधीही या.

निघताना नर्सबाई जिन्यापर्यंत आली. सोमवारी सकाळची पाळी चुकली तरी ताईची खुर्ची ती बारापर्यंत धरून ठेवेल. बाराला दुपारची पाळी लागते. यादीत एक बाई कधीपासून थांबलीय. "फोन करते मी तुम्हाला," म्हणाली.

म्हणजे सोमवार, बारा. तोवर काहीतरी सुचलं पाहिजे मला.

रविवार, १८

काही सुचलं नाही. सिनेमाला गेलो नाही.

विज्ञानाच्या सिनेमांवर माझं मत: त्यात शेवटच्या दहा मिनिटांत कुणालातरी काहीतरी सुचतं. ते लिहिणाऱ्यांना एकदा त्या निळ्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसवा.

भाची आली. मायलेकी एका पलंगावर पडून गप्पा मारत होत्या, मी गेलो तर दोघी हसत होत्या. मला तेही सहन झालं नाही. मी ताईला म्हटलं, निदान उद्याच्या दिवस चल. माझ्यासाठी. ती म्हणाली, "उद्याचा दिवस तुलाच देते. पण तिथे नाही. मला सिनेमाला ने. तीन वर्षं नुसती ऐकतेय. सकाळचा खेळ असतो ना?"

मी हो म्हटलं. मनात म्हटलं, सिनेमागृहापासून दवाखाना दहा मिनिटांवर आहे. तिथून नेता येईल.

सोमवार, १९

दहाचा खेळ. भाची म्हणाली, तुम्ही दोघंच जा. ताईला पायऱ्या चढवत नव्हत्या, म्हणून सगळ्यात मागच्या, दाराजवळच्या खुर्च्या घेतल्या. एकूण माणसं आम्ही धरून नऊ. तिने लिंबाचा थंड सोडा मागितला, मोठा. मी आणून दिला. मीच आणून दिला. तिने पहिला घोट घेतला आणि "अहाहा!" म्हणाली, इतक्या मोठ्याने की पुढचा माणूस वळून बघायला लागला.

सिनेमा जमिनीखालच्या शहराचा. वर जग संपलंय असं समजून लोक साठ वर्षं खाली राहतायत. एक पहारेकरीण आहे. एक दिवस तिला बंद दारावर बाहेरून कुणीतरी ठोकल्याचा आवाज येतो. एवढं कळलं मला. बाकी मी मनगटावरचं घड्याळ बघत होतो. सव्वाअकरा. साडेअकरा. ताईच्या कानाशी लागून म्हटलं, "ताई, अजून जाता येईल." ती म्हणाली, "शू. ती दाराकडे निघालीय."

पावणेबारा. मी तिचा हात धरला. सुजून गरम झाला होता. तिने हात काढून घेतला नाही आणि पडद्यावरची नजरही काढली नाही. तिला उचलून नेता येईल का, असा विचार केला. नेता आलीही असती. मग नळ्या लावताना ती माझ्याकडे कशी बघेल, ते डोळ्यांपुढे आलं.

बाराला पाच कमी असताना खिशात फोन थरथरला. ताईला कळलं. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, "घे. सांग त्यांना. ती दुसरी बाई खोळंबली असेल."

मी बाहेर गेलो. मोकळ्या व्हरांड्यात एक माणूस फरशी पुसत होता.

"काका, येताय का तुम्ही?" नर्सबाईने विचारलं.

ती थांबली होती. तिच्यामागे यंत्रांचे आवाज ऐकू येत होते.

"नाही," मी म्हटलं. "खुर्ची द्या त्यांना."

"बरं, काका," म्हणाली. मग काहीतरी अजून बोलली, ते मला ऐकू आलं नाही. फरशी पुसणाऱ्याने हातातलं काम थांबवून मला बाकावर बसवलं. मी रडत होतो, हे मला त्याच्या तोंडाकडे बघून कळलं. तो काही विचारत बसला नाही, बादली उचलून पलीकडे गेला.

तोंड धुऊन आत गेलो तेव्हा पडद्यावर एकदम लख्ख उजेड होता. दार उघडून झालं होतं. मी खुर्चीत बसलो. ताईने माझ्याकडे बघून घेतलं, रिकामा पेला माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे झुकली.

"तू मुख्य तेच चुकवलंस," ती कुजबुजली. "ऐक. तिने चाक फिरवायला घेतलं, तर तिचा वरिष्ठ मागून आला बंदूक घेऊन. ती म्हणाली, मार गोळी, पण मला आधी बघू दे. त्याचा हात असा, असा कापत होता. आणि मग कळलं की ठोकणारं कोण..."

तिला धाप लागत होती. दोन वाक्यांमध्ये थांबत होती. पण एकही गोष्ट तिने मागेपुढे केली नाही, कुणाला नसलेली बायको दिली नाही. कोणाच्या अंगावर कुठला कोट होता तेसुद्धा सांगत होती. सिनेमा पुढे निघून गेला होता. तिचं सांगणं सिनेमाच्या मागे राहिलं होतं आणि तिला त्याची काही घाई नव्हती.

"मग?" मी विचारलं.

ती सांगत राहिली. मी शेवटपर्यंत पडद्याकडे बघितलं नाही.